स्थिर आवृत्ती की ताजी? सॉफ्टवेअर निवडताना पडणारा पेच

यवतमाळ, प्रतिनिधी

मृगाच्या तोंडावर यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवडा येथील कृषी केंद्रांसमोर दरवर्षी एकच प्रश्न घोळत असतो. गेल्या हंगामात हाती आलेले जुनेच वाण पेरावे, की शेजारच्या गावात कुणीतरी वाखाणलेले नवे घ्यावे? अनुभवी शेतकरी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढतो. सगळे रान खात्रीच्या बियाण्याखाली आणि बांधालगतच्या चार ओळींत नवे वाण. साधले तर पुढच्या वर्षी वाढवायचे, फसले तर नुकसान चार ओळींचेच.

अगदी हाच प्रश्न संगणकापुढे बसणाऱ्यांनाही पडतो. कोणतेही मुक्त सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला त्याच्या संकेतस्थळावर गेले, की दोन तरी पर्याय समोर येतात. एकावर ‘स्टेबल’, म्हणजे स्थिर, असे लिहिलेले असते. दुसऱ्यावर ‘नाइटली’, ‘स्नॅपशॉट’, ‘बीटा’ किंवा ‘डेव्हलपमेंट’ यांपैकी काहीतरी असते, आणि त्याचा आवृत्ती क्रमांक हमखास मोठा असतो. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, या बाजारातल्या समजुतीने अनेकजण दुसरे बटण दाबतात. ऐन सादरीकरणाच्या आदल्या रात्री प्रकल्प उघडत नाही म्हणून हवालदिल झालेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि लग्नपत्रिकेची फाइल जुन्या संगणकावर उघडत नाही म्हणून ग्राहकाची बोलणी खाणारा डीटीपी चालक, या दोघांच्या दुखण्याचे मूळ बरेचदा एकच असते.

प्रस्तुत प्रतिनिधीलाही हा धडा फुकट मिळालेला नाही. मराठी टंकलेखनाच्या एका साधनाची चाचणी आवृत्ती हौसेने कामाच्याच संगणकावर बसवली आणि संध्याकाळी बातमी पाठवण्याच्या वेळी सर्व जोडाक्षरे फुटलेली दिसली. बातमी अखेर दूरध्वनीवरून सांगावी लागली. साधन करणाऱ्यांचा त्यात दोष नव्हता; ‘चाचणीसाठी’ असे त्यांनी ठळक अक्षरांत लिहून ठेवले होते.

आवृत्ती तयार होते कशी?

सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली एका सामाईक कोठारात ठेवलेली असते. जगभरातील प्रोग्रामर तिच्यात रोज भर घालतात, कुठे दुरुस्ती करतात, कुठे जुने काढून टाकतात. रात्री ठरल्या वेळी एक यंत्रणा कोठारात त्या क्षणी जे काही असेल ते उचलून त्यापासून चालणारे सॉफ्टवेअर बांधते. हाच तो ‘स्नॅपशॉट’. छायाचित्रात ज्याप्रमाणे डोळे मिटलेला माणूसही तसाच टिपला जातो, त्याप्रमाणे अर्धवट राहिलेले कामही त्यात येते. तो चालेल की नाही, याचा शब्द कुणीही दिलेला नसतो.

काही महिन्यांनी नवी भर घालणे थांबवले जाते. या अवस्थेला ‘फ्रीज’, म्हणजे गोठवण, म्हणतात. त्यानंतर फक्त दोष शोधणे आणि दुरुस्त करणे एवढेच काम चालते. अल्फा, बीटा आणि ‘रिलीज कँडिडेट’ या पायऱ्या ओलांडून जे बाहेर पडते ती स्थिर आवृत्ती होय. तिच्यात यापुढे नव्या सोयी येत नाहीत. सुरक्षेच्या त्रुटी आणि गंभीर दोष तेवढे दूर केले जातात. आज जसे चालते तसेच उद्याही चालेल, बटणे जागा बदलणार नाहीत, कालची फाइल आज उघडेल, एवढेच वचन ‘स्थिर’ या शब्दात आहे. दोषच नाहीत, असे तो शब्द म्हणत नाही. दोष असतात, पण बहुतेक माहीत झालेले असतात आणि त्यांवरची पळवाटही कुणीतरी शोधून ठेवलेली असते.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘डेबियन’ या मुक्त कार्यप्रणालीत ही विभागणी फार स्वच्छ दिसते. स्थिर, चाचणी आणि अस्थिर असे तिचे तीन प्रवाह एकाच वेळी वाहत असतात. आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांची नावे दिली जातात आणि अस्थिर प्रवाहाचे नाव कायमचे ‘सिड’ असते. चित्रपटात खेळण्यांची मोडतोड करणाऱ्या शेजारच्या द्वाड मुलाचे हे नाव! नामकरण करणाऱ्यांना विनोदबुद्धी होती खास. स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. बारावी जून २०२३ मध्ये आली, तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये. केंद्र सरकारच्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांसाठी तयार केलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. स्थिर प्रवाहातील सॉफ्टवेअरचा क्रमांक जुना दिसतो आणि वापरणारा घाबरतो. प्रत्यक्षात नव्या आवृत्तीत झालेली सुरक्षेची दुरुस्ती तेवढी उचलून जुन्या आवृत्तीला ठिगळासारखी लावलेली असते. क्रमांकाचा मुख्य भाग मात्र तोच राहतो. म्हणून केवळ आकडा पाहून सॉफ्टवेअर जुनाट ठरवणे बरोबर नाही.

अर्ध्या सेकंदाने वाचवलेले जग

ताज्या आवृत्तीत किती मोठा धोका दडू शकतो, हे मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. ‘एक्सझेड युटिल्स’ हे फाइली दाबून लहान करणारे एक छोटेसे साधन. लिनक्सच्या जवळपास प्रत्येक संगणकात ते असते, पण त्याची देखभाल प्रामुख्याने एकच माणूस फावल्या वेळात करीत होता. ‘जिया तान’ असे नाव लावणाऱ्या एका अज्ञात व्यक्तीने दोनेक वर्षे मदतनीस म्हणून काम करून विश्वास मिळवला, आणि फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसवला. त्यातून लांबूनच सर्व्हरचा ताबा घेता आला असता.

हा दरवाजा डेबियनच्या ‘सिड’मध्ये पोहोचला होता, फेडोराच्या विकासाधीन प्रवाहात पोहोचला होता, सतत ताजे राहणाऱ्या ‘ओपनसुसे टंबलवीड’मध्येही शिरला होता. बँका आणि सरकारी कार्यालये ज्या स्थिर आवृत्त्या वापरतात, त्यांत मात्र तो उतरला नव्हता. त्यांत एक्सझेडची जुनीच आवृत्ती होती. काही आठवडे उशीर झाला असता, तर पुढच्या स्थिर आवृत्त्यांबरोबर तो सर्वत्र गेला असता.

सापडला कसा, हे अधिक महत्त्वाचे आहे. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा अभियंता ‘सिड’ असलेल्या यंत्रावर विदागार प्रणालीच्या वेगाची मोजणी करीत होता. दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याच्या नजरेत आले. दुसऱ्या कुणी सोडून दिले असते. त्याने मूळ शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. म्हणजे स्थिर आवृत्तीवाले सुरक्षित राहिले ते दुसरा कुणीतरी अस्थिर आवृत्ती डोळसपणे वापरत होता म्हणून. सगळ्यांनीच शहाणपणाने स्थिर आवृत्ती निवडली असती, तर दोष कुणाला दिसणार होता?

स्थिर म्हणजे शिळे नव्हे

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ‘चालते आहे, हात लावू नका’ हे वाक्य आपल्या कार्यालयांत फार ऐकू येते. सोयाबीनचे १९९४ मध्ये प्रसारित झालेले ‘जेएस ३३५’ हे वाण विदर्भाने वर्षानुवर्षे डोळे मिटून पेरले, आणि २००६ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘बीजी-२’ कापसावर २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने या जिल्ह्यातील शेतकऱ्यांना रडवले. बियाण्याची पिशवी बदललेली नव्हती, बदलली होती ती अळी. सॉफ्टवेअरबाबतही शत्रू बदलत असतो. फरक इतकाच, की सॉफ्टवेअरला शेतात उभे असतानाच दुरुस्ती लावता येते. ती लावली नाही, तर ‘स्थिर’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका गंभीर त्रुटीवरची दुरुस्ती खुली केली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू त्याच त्रुटीतून जगभर पसरला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी दुरुस्ती लावली नाही त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ आला. त्याने हीच त्रुटी वापरली आणि त्याचा फटका नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही बसला. मालाची चढउतार खोळंबली. नॉटपेट्याची सुरुवात मात्र युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. तेव्हा ‘अपडेट नेहमी तारते’ हेही सरसकट खरे नाही.

१९ जुलै २०२४ चा प्रसंग वाचकांना आठवत असेल. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. अनेक ग्राहकांनी मूळ सॉफ्टवेअरची एक पायरी मागची, मुरलेली आवृत्ती निवडलेली होती. पण धोक्यांची माहिती देणारी छोटी फाइल त्या निवडीला वळसा घालून सर्वांकडे एकदमच गेली होती. दुरुस्त्या टप्प्याटप्प्याने सोडण्याचे महत्त्व त्या दिवशी कळले.

आपल्या शहरातील छपाईच्या दुकानांचे दुखणे थोडे वेगळे आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी टंकांसाठी आजही कुठे कुठे २००१ चे ‘पेजमेकर ७’ सांभाळले जाते. ॲडोबीने त्याचे काम केव्हाच थांबवले. ही स्थिरता स्मशानातली म्हणावी लागेल. तरीही वर्षानुवर्षांच्या फाइली त्यात अडकलेल्या असताना ‘फेकून द्या’ असा सल्ला देणे सोपे आणि निरुपयोगी आहे. त्यापेक्षा तो संगणक महाजालापासून तोडून ठेवावा, पेन ड्राइव्ह तपासून लावावा आणि नवे काम युनिकोडमध्ये सुरू करावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नियमित साहाय्य संपलेल्या विंडोज १० च्या संगणकांबाबतही दुसरी सोय होईपर्यंत अशीच सावधगिरी हवी.

मराठीचे दोष मराठी माणसालाच दिसणार

‘बँक’ लिहिताना आपण ज्या चिन्हावर अडत नाही, त्याच चिन्हाचे एकटे अक्षर ‘ॲ’ युनिकोडच्या तक्त्यात २००८ पर्यंत नव्हते. त्या वर्षीच्या ५.१ आवृत्तीत ते आले. पण तक्त्यात येणे म्हणजे पडद्यावर येणे नव्हे. आधी टंकात ते अक्षर काढावे लागते, मग कळफलकावर त्याला जागा द्यावी लागते, अक्षरे जुळवणाऱ्या यंत्रणेला ते शिकवावे लागते. या प्रत्येकाची स्थिर आवृत्ती आपापल्या वेळापत्रकाने निघते. म्हणून पुढे बराच काळ कुणाच्या संगणकावर ‘ॲ’, तर कुणाच्या संगणकावर रिकामा चौकोन, अशी अवस्था होती. ज्यांना तातडीची गरज होती त्यांनी टंकाच्या आणि कळफलकाच्या विकासाधीन आवृत्त्या बसवल्या, आणि त्यांचे ते करणे योग्यच होते.

‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील अर्ध्या ‘र’ची गोष्ट अशीच आहे. तो दोन निरनिराळ्या पद्धतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. पण शोध घेतला, की एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीला सापडत नाही. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. राज्य शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून ती प्रमाण ठरवली, तरी मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला ओळखता आले नाही तर पडद्यावर हिंदी वळण येते. परदेशात बसलेल्या प्रोग्रामरच्या नजरेला यात काहीच चुकलेले दिसणार नाही. सर्व यांत्रिक चाचण्या उत्तीर्ण होतील आणि दोष निर्धास्तपणे स्थिर आवृत्तीत जाऊन बसेल. तिथून तो निघायला पुढची आवृत्ती उजाडावी लागते. कधी कधी वर्ष, दोन वर्षे.

आपण सारे शहाणे होऊन स्थिर आवृत्तीच वापरू लागलो, तर मराठीची चाचणी कोण करणार, हा म्हणूनच या लेखातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. जिल्ह्यात यवतमाळ आणि पुसद येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, संगणकाच्या प्रयोगशाळा आहेत. प्रयोगशाळेतील एखादे यंत्र अशा चाचणीसाठी राखून ठेवले, तर विद्यार्थ्यांचे शिकणे होईल आणि भाषेचे कामही. त्यासाठी मोठा प्रोग्रामर असावे लागत नाही. आपल्या नेहमीच्या मराठी फाइली चाचणी आवृत्तीत उघडाव्यात. ‘ऱ्य’, ‘ॲ’, ‘ळ’, लांबलचक जोडाक्षरे, देवनागरी आकडे, अकारविल्हे यादी आणि छपाई तपासावी.

दोष सापडल्यावर तो नीट कळवणे ही मात्र कला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटने काही लोकांच्या कागदपत्रांच्या फाइलीच पुसून टाकल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते वितरण थांबवावे लागले. वास्तविक चाचणी आवृत्ती वापरणाऱ्या काहींनी हा दोष आधीच कळवला होता. तक्रारींच्या ढिगात त्याचे गांभीर्य लक्षात आले नाही. म्हणून ‘मराठी बिघडते’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या तारखेची आवृत्ती, कोणती कार्यप्रणाली, कोणता टंक, नेमके काय केले, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, हे पडद्याच्या चित्रासह लिहावे. तोच दोष पुन्हा घडवून दाखवता आला, तर दुरुस्तीची शक्यता कैक पटींनी वाढते.

निवडावे काय?

सॉफ्टवेअर बिघडले तर नुकसान कुणाचे आणि मागे फिरता येईल का, या दोन प्रश्नांवर निर्णय बराचसा होऊन जातो. आपले सरकार सेवा केंद्रात दाखल्यासाठी तालुक्याच्या गावाहून माणूस बसभाडे खर्चून आलेला असतो. रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीपुढे रांग असते. जिनिंगच्या हिशेबावर शेतकऱ्याचा चुकारा अवलंबून असतो. अशा संगणकावर स्थिर आवृत्तीच हवी आणि तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर लागायला हव्यात. शक्य असेल तेथे दीर्घ मुदतीच्या साहाय्याची आवृत्ती घ्यावी. उबुंटूची अशी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते, तर तिच्या मधल्या आवृत्त्यांना अवघे नऊ महिने मिळतात. फायरफॉक्सचीही संस्थांसाठी ‘ईएसआर’ नावाची संथ आवृत्ती २०१२ पासून आहे.

मागे फिरण्याबाबत लोक गाफील राहतात. सॉफ्टवेअर काढून जुने बसवणे सोपे असते, पण तोवर फाइली नव्या पद्धतीने साठवल्या गेलेल्या असतात. चित्रसंपादनाच्या ‘गिम्प’चे उदाहरण बोलके आहे. त्याची २.१० ही स्थिर आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि पुढची ३.० थेट मार्च २०२५ मध्ये. मधल्या काळात कंटाळून अनेकांनी २.९९ ही विकासाधीन मालिका वापरली. तिच्यातल्या नव्या सोयी वापरून साठवलेले काम २.१० मध्ये जसेच्या तसे उघडेल, याची हमी नव्हती. फायरफॉक्स तर २०१९ पासून नव्या आवृत्तीने हाताळलेली वैयक्तिक नोंदवही जुन्या आवृत्तीला सहसा वापरूच देत नाही. तेव्हा चाचणी आवृत्ती नेहमी वेगळ्या खात्यात, वेगळ्या फोल्डरमध्ये, शक्य तर वेगळ्या यंत्रावर बसवावी आणि तिला मूळ फाइल न देता प्रत द्यावी.

विद्यार्थ्यांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. पायथन या भाषेची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते आणि प्रत्येकीला पाच वर्षे साहाय्य मिळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून ‘डिस्टयुटिल्स’ हा जुना भाग काढून टाकण्यात आला आणि त्यावर विसंबलेले कितीतरी प्रकल्प बंद पडले. पायथन स्थिरच होते. त्याच्या भोवतालची साधने मागे राहिली होती. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला एक आवृत्ती मागची घ्यावी, हा त्यातला व्यवहार. एखादी अत्यावश्यक दुरुस्ती केवळ स्नॅपशॉटमध्येच असेल, तर तो खुशाल घ्यावा. मात्र कोणत्या तारखेचा घेतला ते लिहून ठेवावे, त्याची प्रत जपावी आणि प्रकल्प सादर होईपर्यंत रोजचे अपडेट बंद ठेवावे. भारनियमनात अपडेट अर्ध्यावर तुटण्याचा आपल्याकडचा खास धोका पाहता एवढी काळजी जास्त म्हणता येणार नाही.

ज्यांना नवे पाहण्याची ओढ आहे, पण रोजची मोडतोड नको, त्यांच्यासाठी ‘रिलीज कँडिडेट’ हा मधला मार्ग बरा. लिबरऑफिसच्या मोठ्या आवृत्त्या साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येतात, उबुंटूच्या एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, त्यातही दीर्घ मुदतीची सम वर्षाच्या एप्रिलमध्ये. या महिन्यांआधीचे तीन-चार आठवडे चाचणीला सर्वांत योग्य, कारण नवी भर थांबलेली असते आणि कळवलेला दोष त्याच आवृत्तीत दुरुस्त होण्याइतका वेळ अजून शिल्लक असतो.